पंपवाल्याचा उजवा पाय

सकाळी सात वाजता, पदयात्रेच्या शेवटच्या दिवशी, पंपवाल्याच्या उजव्या पायातला मोजा निघेना. तो तळव्याला चिकटून बसला होता. त्यानं दोनदा ओढला, मग सोडून दिला आणि मोज्यावरच बूट चढवला. दुखलं काहीच नाही. त्या पायाला गेली काही वर्षं काही कळतच नव्हतं. साखरेच्या आजारानं तळव्याची जाणीव नेली होती.

मुक्काम शाळेच्या एका वर्गात होता. बाकं भिंतीला सरकवलेली. पंपवाल्यानं पाठ वळवून बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि छोट्या मशीनवर आकडा बघितला. चार दिवस आकडा ठीक होता, म्हणून पाय बघायची त्याला गरज वाटली नव्हती. अग्निशमन केंद्रावर त्याची सगळी नोकरी काट्याकडे बघण्यात गेली होती. बाकीचे आगीत शिरायचे; तो बाहेर बंबापाशी पंप चालवत, पाण्याच्या दाबाच्या काट्यावर डोळे लावून. काटा जागेवर आहे ना, मग आत सगळं ठीक आहे.

आज आकडा दुपटीच्या आसपास होता. त्यानं मशीन खिशात टाकलं.

बायकोचा फोन आला.

"पाय बघितला का?"

"बघितला."

"दोन्ही?"

"अगं दोनच आहेत. किती वेळा बघू?"

"तळवे आरशात बघायला सांगितलेत डॉक्टरांनी."

"इथं आरसा कुठला? ठेव आता, साहेब हाका मारतायत."

साहेबांनी हाक मारली नव्हती.

चालणारे चौघं होते. केंद्राचे निवृत्त साहेब, शिडीवाला, पंपवाला आणि वहिनी. वहिनी म्हणजे त्यांच्या तुकडीतल्या एका जवानाची बायको. दीड वर्षापूर्वी कापसाच्या गोदामाला आग लागली, छप्पर कोसळलं आणि तो खाली सापडला. त्यांच्या गावात भाजलेल्यांसाठी वॉर्ड नव्हता. त्याला मोठ्या शहराच्या इस्पितळाकडे हलवलं आणि तो वाटेत गेला. गावात तसा वॉर्ड व्हावा म्हणून हे चौघं त्याच रस्त्यानं मदत गोळा करत चालले होते. शेवट त्या इस्पितळाच्या फाटकाशी. बंबाचा ड्रायव्हर पाण्याचे डबे घेऊन मागून व्हॅन आणत होता.

नियम साहेबांचा होता. आगीत जोडीनं शिरायचं, जोडीनं बाहेर यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी तो रस्त्यालाही लावला. "एक गाडीत बसला की त्याचा जोडीदारही बसणार. म्हणजे कुणी उगाच मर्दुमकी दाखवणार नाही." साहेबांच्या जोडीला शिडीवाला, पंपवाल्याच्या जोडीला वहिनी. कुणी त्रास लपवू नये म्हणून केलेला नियम. पंपवाल्यानं त्याच्याचमुळे लपवला. आपण बसलो तर वहिनींना बसावं लागेल, एवढाच हिशेब त्यानं केला.

साडेनऊपर्यंत ऊन चढलं. पंपवाल्याला मात्र थंडी वाजत होती. तो लंगडत नव्हता. दुखतच नव्हतं तर लंगडणार कशाला? त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वहिनी त्याच्या बाजूनं चालत होत्या. शहराची पहिली दुकानं दिसायला लागल्यापासून त्यांचं पाऊल झपाझप पडत होतं.

"भाऊजी, घाम नाही आला तुम्हाला?"

"आपलं इंजिन थंडच चालतं, वहिनी."

मागून शिडीवाला ओरडला, "ओ पंपवाले, तुमच्या पंपाला गळती लागलीय!"

कुणी हसलं नाही, कारण तो स्वतःच पुढं हसला नाही. डांबरावर उजव्या बुटाचा ओला ठसा उमटला होता. त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. सगळे उजवे.

"थांब," साहेब म्हणाले.

"पाणी सांडलं असेल, साहेब."

"बस खाली. बूट काढ."

टायरच्या दुकानासमोर त्याला कठड्यावर बसवलं. बूट निघाला तसा वास सुटला. शिडीवाल्यानं बुटात हात घातला आणि झटकन मागं घेतला. तळातून खिळ्याचं टोक वर आलेलं होतं. तिसऱ्या दिवशी एका पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यातून ते चालले होते, तिथलाच असणार. म्हणजे दोन दिवस तो खिळ्यावर चालत होता. घोट्यापासून पोटरीकडे लाली चढली होती.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"मला खरंच कळलं नाही."

"आणि आज सकाळी?"

पंपवाल्यानं खिशातलं मशीन चाचपलं.

ड्रायव्हरनं व्हॅनचं दार उघडलं. "दहा मिनिटांत पोचवतो. उठा."

"चार किलोमीटर तर राहिलेत. पट्टी बांधा घट्ट."

"पट्टी?" साहेबांचा आवाज चढला. "पाय जाईल, गाढवा! कदाचित तूही."

"मग मी एकटा बसतो. वहिनी चालतील."

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. त्या तुकडीतल्या नव्हत्या, तरी चार दिवसांत एकदाही गाडीत बसल्या नव्हत्या. "वहिनी, तुमच्यापुरता नियम मी मागं घेतला. तुम्ही चाला."

वहिनी रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी आमच्या ह्यांच्याबरोबर गाडीत कोण होतं?"

त्या दिवशी आग अजून विझायची होती. तुकडीतला एकही जण जागा सोडू शकला नव्हता. वहिनींना निरोप मिळेपर्यंत गाडी निघून गेली होती.

"आपलं माणूस कोणीच नव्हतं ना? मग सरका जरा, भाऊजी." आणि त्या व्हॅनमध्ये चढल्या.

व्हॅन निघाली. शिडीवाला म्हणाला, "आता आपण?"

"आपण इथंच. वहिनींना सोडून पुढं जायचं नाही," साहेब म्हणाले.

इस्पितळात सर्जननं पाय बघितला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. त्यांनी पंपवाल्याच्या बायकोला फोन लावला. ती पलीकडून एवढंच म्हणाली, "मला म्हणाले, दोन्ही बघितले." मग बस पकडायला धावली.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आलं. पंपवाल्याचे दात वाजत होते. "वहिनी, आता जा तुम्ही. साहेब तिथंच उभे असतील."

"मी हलणार नाही."

"आत तर येऊ देणार नाहीत तुम्हाला. बाहेर थांबून काय होतं ते मला विचारा. सगळी नोकरी तेच केलं." त्यानं अंगावरची चादर वर ओढली. "काटा बघत बसायचं. बास."

ड्रायव्हरनं दाराजवळ स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. "मी आहे, वहिनी. ह्यांची बायको येईपर्यंत जागचा उठत नाही. रिक्षा करा."

वहिनी स्ट्रेचर आत जाईपर्यंत थांबल्या. मग जिना उतरल्या.

टायरवाल्यानं दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या होत्या. एकीवर शिडीवाला होता. साहेब उन्हात उभे. रिक्षा थांबली तशी त्यांनी टोपी नीट केली.

"कसा आहे?"

"आत घेतलंय."

तिघं चालायला लागले. वहिनी मधे, हे दोघं दोन बाजूंना. इस्पितळाची भिंत दिसली तेव्हा वहिनींचं पाऊल अडखळलं. साहेबांनी हात पुढं केला. त्यांनी तो धरला, दुसऱ्या हातानं शिडीवाल्याची बाही धरली आणि फाटक ओलांडेपर्यंत सोडली नाही.

फाटकाशी दहापंधरा माणसं होती. टाळ्या झाल्या. एका फोटोवाल्याला तो क्षण टिपता आला नव्हता; "मॅडम, एकदा परत बाहेर जाऊन आत याल का?" असं त्यानं विचारलं. शिडीवाला त्याच्या आणि वहिनींच्या मधे येऊन उभा राहिला. वहिनी तोवर जिन्याशी पोचल्या होत्या.

वरच्या मजल्यावर पंपवाल्याची बायको आली होती. ड्रायव्हर अजून स्टुलावरच होता. वहिनी तिच्या शेजारी बाकावर बसल्या. थोड्या वेळानं साहेब आणि शिडीवाला येऊन भिंतीला टेकले.

दुपारी सर्जन बाहेर आला आणि त्यानं सांगितलं: अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढावी लागली. बाकीचं पाऊल राहील की नाही, हे दोन दिवसांनी सांगता येईल. पेशंट अजून शुद्धीवर आलेला नाही.