सहावा पाय

"अहो मिस्त्री, टेबल हलतंय!" सभागृहाचे व्यवस्थापक जवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाले.

मिस्त्रींना ते आधीच दिसलं होतं. एखादी खुर्ची कुरकुरली तर हाताशी असावेत म्हणून सकाळपासून ते भिंतीला पाठ लावून उभे होते. समोर खंडातल्या सहा देशांचे प्रतिनिधी बसलेले. टेबलाचा पलीकडचा कोपरा खचत चालला होता आणि तो कोपरा कोणाचा, हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं.

"थोडा वेळ थांबवा ना त्यांना. एक खुंटी ठोकली की झालं."

"वेड लागलंय का तुम्हाला? मागच्या दोन्ही वेळा चहाला म्हणून उठले, ते थेट विमानात जाऊन बसले. आज उठले तर संपलंच सगळं."

हे मिस्त्रींइतकं आणखी कोणाला कळणार? त्यांचा धाकटा लष्करात ट्रक चालवायचा. तीन वर्षांपासून तो शेजारच्या देशाच्या कैदेत होता. आजचा करार म्हणजे साध्या भाषेत एवढंच होतं, की सहा देशांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचं नाही, दोघांत वाजलंच तर उरलेल्या चौघांनी मध्ये पडायचं, आणि सीमेवर सगळ्यांनी मिळून गस्त घालायची. शेवटी एक कलम होतं. सह्या झाल्या की कैदी सोडायचे. त्या एका कलमावर मिस्त्रींच्या घराचा जीव टांगलेला होता. सकाळी निघताना बायकोने बजावलं होतं, "त्यांना म्हणावं, पोटात कळ आली तरी उठू नका. माझं पोरगं घरी येऊ दे, मग खुशाल भांडा."

"मी कोण सांगणारा? मी आपला सुतार."

"मग खुर्च्यांना सरस लावून ठेवा!"

सरसाचं नाव निघालं आणि मिस्त्री बूट घालता घालता थांबले होते. बायकोला काय ठाऊक!

टेबलाची कल्पना कोणा साहेबाच्या डोक्यातून निघाली होती. सहा देशांनी आपापलं लाकूड पाठवायचं, त्याचे सहा पाय करायचे आणि वर एकच जाडजूड फळी. मिस्त्रींनी पाच पाय जीव ओतून केले. सहावं लाकूड कोपऱ्यात पडून राहिलं. शेजाऱ्यांचं होतं ना! लाकूड मेलं इतकं सुरेख, की त्याचाही राग यायचा. अगदी शेवटच्या दिवशी त्यांनी ते कसंबसं तासलं. बाकीचे पाय खाचेत बसवून त्यांत आरपार खुंट्या ठोकल्या होत्या. सहावा मात्र नुसत्या सरसावर चिकटवला. "तुम्हाला एवढं पुष्कळ झालं," असं ते रिकाम्या कारखान्यात मोठ्याने म्हणालेही होते. जमिनीपर्यंत कापड येणार होतं. कोणाला दिसणार? उभ्या जन्मात त्यांनी अर्धवट ठेवलेलं तेवढं एकच काम.

आता त्या सरसाने दगा दिला होता.

"अहो, कुठे निघालात?" व्यवस्थापकांनी बाही धरली. मिस्त्रींनी ती सोडवून घेतली, भिंतीकडेने पलीकडच्या टोकाला गेले, खाली वाकले आणि कापड उचलून टेबलाखाली शिरले.

आत नुसते बूट. एका थोर गृहस्थांनी बूट काढून ठेवले होते आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. एरवी मिस्त्रींना हसू फुटलं असतं. ते रांगत कोपऱ्याशी पोचले. पाय तिरका होऊन खाचेतून निम्मा बाहेर आला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी सरळ केला आणि फळीखाली खांदा दिला. आता मात्र हलायची सोय नव्हती. वर कोणीतरी तावातावाने बोलत होतं. टेबलावर मूठ आपटली, तशी खांद्यातून कळ थेट कमरेत गेली.

मिस्त्री, भोगा आता, ते मनाशी म्हणाले.

शेजारी झिजलेल्या टाचांचे काळे बूट होते. त्यांतला एक सरकला आणि मिस्त्रींच्या बरगडीला लागला. कापड हळूच वर झालं. एक म्हातारा चेहरा, जाड चष्मा. शेजाऱ्यांचा प्रतिनिधी! हा आता ओरडणार, सगळे उठणार आणि पोरगं तिकडेच राहणार. मिस्त्रींनी नुसती मान हलवली, नको, नको.

कापड खाली पडलं. वरचं बोलणं थांबलं नाही. मग त्या म्हाताऱ्याचा गुडघा पुढे आला, फळीखाली घुसला आणि खांद्यावरचं निम्मं ओझं उतरलं. सह्या होईपर्यंत दोघांनी मिळून तो कोपरा धरून ठेवला.

टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, मंडळी फोटोसाठी बागेत गेली. मिस्त्री बाहेर आले तेव्हा उजवा हात वर होत नव्हता. देवा, झालं बाबा एकदाचं, म्हणून ते भिंतीला टेकून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून त्यांनी हत्यारांची पेटी आणली आणि टेबलावरचं कापड काढलं.

तेवढ्यात म्हातारा लंगडत परत आला. दुभाष्या सोबत नव्हता. तो टेबलाभोवती फिरला, एकेका पायातल्या खुंटीवरून बोट फिरवत. सहाव्यापाशी बोट थांबलं. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं.

मिस्त्रींचे कान तापले. खोटं बोलायचं म्हटलं तरी दोघांत भाषा नव्हती. "माझा मुलगा तुमच्याकडे आहे," ते आपल्याच बोलीत म्हणाले. डावा हात डोक्याच्याही वर नेऊन त्यांनी त्याची उंची दाखवली, मग हवेतच ट्रकचं स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग त्यानेही हात वर नेला, जवळपास तेवढाच. क्षणभर तो तिथेच धरला. नंतर सावकाश खाली आणत आणत, वाकून, तळवा जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"अरेरे," मिस्त्री म्हणाले. "अरेरे, बाबा."

म्हातारा तिथेच खाली बसला आणि त्याने सहावा पाय दोन्ही हातांनी खाचेत घट्ट दाबून धरला. मिस्त्रींनी भोक पाडलं आणि डाव्या हाताने खुंटी ठोकली. बाहेर आलेलं टोक कापलं. कापडाखाली ते कोणालाच दिसणार नव्हतं, तरी बोटाला लागेनासं होईपर्यंत घासलं. म्हातारा तोवर लाकूड धरून बसला होता.