माना पडायच्या आधी

समजा, तुमच्या हातात एक कांदा आहे. गोल, लालबुंद, बघताच घ्यावासा वाटणारा. आता त्याच्या मानेपाशी अंगठा दाबा. मऊ लागला? मग टाका बाजूला. एपीएमसीच्या कांदाबाजारात बसून चांगुणाबाई वीस वर्षं हेच करत आली. शेतात कांद्याची पात आडवी झाली, म्हणजे माना पडल्या, की मगच तो काढायचा असतो. घाईने आधीच उपटला, तर वरून कितीही देखणा असो, आतून टिकत नाही.

तिचा मुलगा अंकुश तसाच होता. चोवीस वर्षांचा, धिप्पाड. पण तीन जिनसा आणायला पाठवला तर एकच घेऊन यायचा, तीही भलतीच. म्हणून तिची दहा वर्षांची नात मैत्री मामाच्या तळहातावर पेनाने लिहून द्यायची: मीठ, साबण, माचीस. तेवढं तो बरोबर आणायचा.

चौदाव्या वर्षी त्याला गांजाची पहिली पुडी दिली ती घणसोली गावात त्यांच्याच गल्लीतल्या हौसेराव पानपट्टीवाल्याने. "झाडपाला आहे रे, काय होत नाही," म्हणाला होता. पुढे चार वर्षं अंकुश रोज ओढत राहिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चांगुणाबाईला आणि मैत्रीला समोर बसवून समजावलं होतं, "मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, मावशी. कोवळ्या वयात रोज गांजा गेला, की लक्ष, आठवण, सगळं ढिलं पडू शकतं. आणि पोटुशी बाईने ओढला, तर तो थेट बाळापर्यंत पोचतो."

शेवटचं वाक्य तेव्हा चांगुणाबाईच्या उपयोगाचं नव्हतं. पण एका सकाळी ते उपयोगाला आलं.

समोरच्या घरातली प्रियदर्शिनी कांदे घ्यायला चांगुणाबाईच्या दारात आली. हौसेरावाची सून, दिपेशची बायको, चौथा महिना लागलेला.

"उलट्या थांबल्या वाटतं गं?"

"हो ना मावशी! मामंजींच्या डब्यातलं जरासं दिपेश आणून देतो. दोन झुरके मारले की मळमळ गायब. मामंजींना बोलू नका हां, टेन्शन घेतील." ती हसली. "झाडपालाच तर आहे, काय होत नाही."

तेच शब्द. गिऱ्हाइकांना सांगून सांगून हौसेरावाच्या घरालाही ते खरे वाटायला लागले होते.

पोलिसांनी हौसेरावाला दोनदा नेलं होतं. आठवड्याभरात तो परत पानाला चुना लावत बसलेला. चांगुणाबाईने दिलेले शिव्याशाप हवेत गेले. आता तिला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

"घे की पोरी," ती गोड आवाजात म्हणाली आणि पिशवीत दोन कांदे जास्तीचे टाकले.

प्रियदर्शिनी गेली. मैत्रीने वहीतून मान वर केली.

"आजी, डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या..."

"गप बस."

"पण बाळ..."

"त्याचा नातू हाय त्यो. माजं लेकरू नासवलं तवा त्यानं इचार केला व्हता? आता बगू दे त्यालाबी. रोज उटून बगू दे."

"बाळाने काय केलंय?"

"आन तुज्या मामानं काय केलं व्हतं?"

मैत्रीने वहीतलं पेन उचललं. तिने हाक मारली, "मामा, हात."

अंकुशने सवयीने तळहात पुढे केला. आज ती बराच वेळ लिहीत होती. पार मनगटापर्यंत.

"काय आणायचंय?" त्याने विचारलं.

"आणायचं नाही. समोरच्या वहिनींना वाचून दाखवायचं."

विसरू नये म्हणून अंकुश वाटेतच मोठ्याने वाचत निघाला. "वहिनी... बाळ होईपर्यंत... ओढू नका. मी... चौदाव्या वर्षी..."

चांगुणाबाई ताडकन उठली. "अंकुश! माघारी फिर!"

तो गल्लीच्या मधोमध थांबला. एकदा आईकडे बघितलं, एकदा हाताकडे. कोणाचं ऐकावं ते त्याला कळेना. घामाने शाई ओघळायला लागली होती. समोर पानपट्टीत ते ऐकून हौसेरावाचा चुन्याचा हात पानावर तसाच राहिला.

मैत्री अनवाणीच धावत गेली. मामाचा तळहात तिने आपल्या फ्रॉकला पुसला, फुंकर घालून वाळवला, आणि आजीकडे न बघता पुसट झालेलं पहिलं अक्षर पुन्हा गिरवायला घेतलं.