दोन मुठी मीठ

अनसूयाकाकीची बरणी बुधवारी सकाळी श्वास घ्यायला लागली. तोंडाला बांधलेलं फडकं फुगायचं, बसायचं. बरणीत खारवलेले फणसाचे गरे होते, पावसाळ्यात भाजीला होतील म्हणून.

"बाजूला बसली होतीस तेव्हा शिवलीस ना हिला?" काकी सुनेवर खेकसली.

"नाही ओ आई," प्रणाली म्हणाली. "काल तुम्हीच तर काढून दिलेत."

तेही खरंच. गेल्या साली भर पंगतीत नणंदेने विचारलं होतं, "वहिनी, गरे आहेत की मिठागर?" पंगत हसली. काकीला ते वर्षभर सलत राहिलं. म्हणून यंदा खार घालताना तिने कुणाला न सांगता दोन मुठी मीठ मागे ठेवलं. आणि काल गरे शिजवायच्या आधीच, कच्चेच, सुनेच्या हातावर ठेवले. "खा, आणि सांग खारट आहेत का." प्रणालीने वास घेतला, सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाल्ले. "छान झालेत, आई."

दुपारी प्रणालीच्या पापण्या खाली आल्या. त्यांच्याबरोबर खिडक्याही चौकटीसकट खाली सरकल्या.

"मला दोन-दोन आई दिसतायत."

"एक पुरत नाही वाटतं," काकी म्हणाली आणि वळून बघते तर पलीकडच्या पाटावर दुसरी अनसूया बसलेली. तेच लुगडं, तोच ताठा. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या.

डॉक्टर आले तोवर दार गुडघ्याएवढं उरलं होतं. ते रांगत आत आले. त्यांनी प्रणालीची मान उचलली. ती परत पडली.

"साठवणीतलं काही खाल्लं का हिने? मीठ कमी पडलं होतं? त्याने आत विष तयार होतं. खरं सांगा मावशी, औषध त्यावर ठरेल."

"माझ्या हातचं चाळीस वर्षांत नासलं नाही. स्टँडवर वडापाव खाल्ला असेल हिने."

प्रणालीने ओठ हलवले. आवाज आला नाही. तिची छाती बसली की बरणीचं फडकं फुगत होतं.

डॉक्टर पाटावरच्या दुसऱ्या अनसूयेकडे वळले. "मग तुम्ही सांगा."

दुसरीने मुठी पुढे केल्या, उघडल्या मात्र नाहीत. बोटांच्या फटींतून मिठाचा एकेक खडा जमिनीवर पडत राहिला.

"गाडी आणतो. तोवर आठवून ठेवा," म्हणत डॉक्टर पोटावर सरकत बाहेर गेले. त्यांच्यामागे दार जमिनीला टेकलं.

"मीच कमी घातलं," तेव्हा काकी म्हणाली. पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दोन मुठी. ऐकलंस का गं बाय? मीच."

पाटावर आता कोणी नव्हतं. मुठी काकीच्याच मिटल्या होत्या आणि काही केल्या उघडत नव्हत्या. अंथरुणावर प्रणालीची छाती हलत नव्हती. बरणीचं फडकं तेवढं फुगत होतं, बसत होतं. काकी गुडघ्यांवर आली आणि तिने फडक्याची गाठ दातांत धरली.

"छान झालेत, आई," बरणीतून प्रणाली म्हणाली.