शिडावरची पिलारीन

पिलारीनच्या झग्याला सात झालरी आहेत. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा सहाच भरल्या होत्या, कारण ती बया एका जागी उभी राहील तर शपथ! टाच आपटते, गिरकी घेते, संत्र्यांची टोपली डोक्यावरून फेकते, आणि अख्खं गाव खिडक्या उघडून तिच्या मागं गायला लागतं. आमच्या चौक गावात कोणी असं खिडकी उघडून गायलं तर लोक आधी विचारतील, काय गो, बोंबील नासले काय?

पिलारीन ही स्पेन देशातली सिनेमानटी. तिच्याबरोबर होआकीन नावाचा नट असतो. तो बिगुल वाजवतो आणि गाताना एकच भुवई वर करतो. मी आणि माझ्या मैत्रिणीनं, चंपानं, आठवडाभर आरशासमोर प्रयत्न केला. चंपाला जमलं. माझ्या दोन्ही वर जातात, त्यामुळे मी गाण्याऐवजी दचकल्यासारखी दिसते.

ही दोघं आम्हाला भेटली ती फादर आन्सेल्मोंमुळे. फादर मूळचे स्पेनचे, उत्तनच्या बाजूच्या चर्चमध्ये अकरा वर्षं आहेत. मराठी पुस्तकातून शिकलेत. त्यामुळे कोळणीला "हे भगिनी, या पापलेटाचे मूल्य किती?" असं विचारतात, आणि कोळीण हसण्याच्या नादात भाव उतरवते. त्यांच्या देशाच्या मुंबईतल्या कचेरीतून त्यांना फुकटात सिनेमे मिळतात. यंदा दिवाळीनंतर तीन रिळांचा हा सिनेमा आला आणि त्यांनी ठरवलं, एका रविवारी दुपारी गावातल्या सगळ्या बायकांना दाखवायचा. प्रश्न एकच. सिनेमा स्पॅनिश. कळणार कोणाला?

"त्यासाठी एक निवेदिका हवी," फादर म्हणाले आणि माझ्याकडं बघायला लागले.

मी, म्हणजे मंदा धाकू नाखवा, इयत्ता दहावी. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायलाही लाजायचे. माझा आवाज जाड. पोरं म्हणायची, होडीचा भोंगा वाजला. मग लीलाधर सर आले. त्यांनी मला उभं करून कविता म्हणायला लावली. पोरं फिदीफिदी हसली, तेव्हा सर म्हणाले, "हसा हसा. हा तांडेलाचा आवाज आहे. वादळात हाक मारली तरी दुसऱ्या होडीला ऐकू जाईल." तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्या दिवसापासून मी जी बोलतेय ती अजून थांबलेली नाही. आई म्हणते, सरांना भेटून परत बंद करून घेते.

तर मी हो म्हणाले. फादरनी मला आधी एकटीला सगळा सिनेमा दाखवला आणि एकेक वाक्य पुस्तकी मराठीत सांगितलं. मी ते आमच्या बोलीत करून घेतलं. गोष्ट अशी: पहिल्या रिळात संत्रीवाली पिलारीन आणि बिगुलवाला होआकीन यांचं जुळतं. दुसऱ्यात गावचा कर्नल हुकूम काढतो, दुपारी कोणी गायचं नाही, माझी झोप मोडते. पिलारीन कर्नलपुढं गुडघे टेकून गाते, "हुकूम आपला, गळा आपला, आपण सांगाल तेव्हाच गाईन." कर्नल खूश. तिसऱ्यात लग्न.

शुक्रवारी मी हे सरांना सांगायला धावले. वाटलं, उड्या मारतील. सर फळा पुसत होते, पुसतच राहिले.

"तिकडं कोणाचं राज्य आहे माहीतय तुला?"

"एका जनरलचं. फादर म्हणाले, तो आता आजारी आहे."

"छत्तीस वर्षं एकच माणूस. बोलेल तो तुरुंगात. आणि ह्या पोरी त्याच्या राज्यात झालरी उडवत नाचतात, म्हणजे जगाला वाटावं सगळं छान चाललंय. म्हणून तर फुकट वाटतात तो सिनेमा."

सरांचा धाकटा भाऊ विठू भाईंदरच्या कारखान्यात युनियनचं काम करायचा. आणीबाणी लागल्यावर जुलैत त्याला घरातून नेलं, तो अजून आत आहे. सर ते कधी बोलत नाहीत. पण सगळ्यांना ठाऊक आहे.

"मी येणार नाही," सर म्हणाले. "तू तुझं ठरव. पण तुझा आवाज मी ह्यासाठी नव्हता काढला."

खरं सांगते, त्यांनी छडी मारली असती तर बरं झालं असतं. पिलारीन मला सोडवत नव्हती, आणि सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं तर मी पुन्हा भोंगाच होणार होते. मी सरळ फादरकडं गेले आणि विचारलं, "ती वाईट आहे का हो?"

फादर प्रोजेक्टरला तेल घालत होते. "माझा ज्येष्ठ बंधू त्या जनरलमुळे फ्रान्स देशात राहतो. स्वगृही परतू शकत नाही."

"मग तुम्ही हा सिनेमा का दाखवताय?"

त्यांनी हात पुसले. पहिल्यांदाच त्यांचं मराठी पुस्तकासारखं आलं नाही. "तिसऱ्या रिळात लग्नाची मिरवणूक जाते ना, ती माझी गल्ली आहे. कोपऱ्यावर पाववाला आहे. मी मिरवणूक बघतच नाही. मी पाववाला बघतो."

मी रात्रभर विचार करणार होते, पण झोप लागली. सकाळी उठले तेव्हा ठरलं होतं. सिनेमा सांगायचाच.

रविवारी जाळी ठेवायच्या मोठ्या शेडला ताडपत्र्या लावून अंधार केला. पडदा म्हणून बाबांच्या होडीचं नवंकोरं शीड टांगलं. आई बजावत होती, "डाग पडला ना, तर तुझ्या त्या पिलारनीला धुवायला बोलवीन." दीडशे बायका आल्या. पुढं खुर्चीवर हवालदार महिपत बसले, कारण हल्ली चार माणसं जमली की परवानगी लागते आणि परवानगीबरोबर हवालदार येतो.

मी शिडाशेजारी उभी राहिले. मग पिलारीन आली, टाच आपटली, आणि मी सुरू!

"बघा गो, ही संतरी इकतेय! हा बिगुलवाला फुकट मागतोय!"

"देऊ नको गो त्याला!" मागनं आवाज. "आज संतरी मागल, उद्या टोपली!"

पहिलं रीळ संपलं. दुसरं लागलं, आणि बघते तर काय? पडद्यावर लग्न! फादरनी दुसऱ्याऐवजी तिसरं रीळ लावलं होतं. मी मागं वळून हात हलवला, तर फादर वेड्यासारखे पडद्याकडं बघत होते. पाववाला आला असणार. हात आपोआपच त्या रिळाच्या डब्याकडं गेला असेल. आता काय थांबवणार?

"लगीन!" मी ओरडले. "पटापट लगीन ठरलं!"

तेवढ्यात ताडपत्रीखालून वारा शिरला आणि शीड ऐन मध्यावर फुगलं. नेमकी पिलारीन मध्ये उभी. तिचं पोट हे एवढं!

"आगो बाई!" सरूबाई किंचाळली. "म्हून घाई होती काय!"

सगळी शेड हसून लोळली. वारा आला की नवरी नऊ महिन्यांची, वारा गेला की पुन्हा सडपातळ. होआकीनच्या एका भुवईकडं बघून कोणी म्हणालं, "त्यालाच ठाव न्हाय, बघ कसा बघतोय!" माझी आई, जिजाबाई नाखवा, जी लग्नातही हसत नाही, ती पदर तोंडात कोंबून बसली होती.

मग दुसरं रीळ, शेवटी. पिलारीन पुन्हा कुमारिका, पुन्हा संत्र्यांची टोपली.

"ही कोण?"

"ही... ही तिची जुळी बहीण!" मी ठोकून दिलं.

"आनि नवरा?"

"त्याचापन जुळा भाऊ! गावात जुळ्यांची साथ आली होती!"

पुढं कोणी काही विचारलं नाही. पण मला मात्र पुढचं आठवलं. आता कर्नल येणार, हुकूम काढणार, पिलारीन गुडघे टेकणार, आणि तिथंच सिनेमा संपणार. ह्यापुढं लग्न नाही, मिरवणूक नाही. दीडशे बायका गुडघे टेकलेली पिलारीन बघून घरी जाणार.

कर्नल आला. मिशा, पदकं, काठी.

"हा म्हणतो, गावात कोनी गायचं न्हाय. मना झोप लागत न्हाय."

शेड शांत झाली. इतकी शांत की प्रोजेक्टरची टकटक ऐकू यायला लागली. हल्ली असल्या हुकमांची सगळ्यांना सवय होती. पिलारीन पुढं आली. गुडघे टेकले. तोंड वर करून गायला लागली. तो आवाज! सगळ्या सिनेमात सगळ्यात गोड तिथंच गाते ती. आणि मला वाटलं, एवढा गळा असून हे शब्द? कोणी दिले असतील तिला?

"मंग? काय बोलतेय ती?" बायका विचारत होत्या.

"ती बोलतेय," मी श्वास घेतला, "साहेब, तुमी म्हातारे झालात. मी तुमचे पाय चेपते, तुमी झोपा. पन गाव गानार. तुमी झोपलात तरी गानार, जागं राह्यलात तरी गानार!"

रीळ सुटलं, पडदा पांढरा झाला, आणि शेडमध्ये जो गोंगाट उठला म्हणता! टाळ्या, शिट्ट्या (चंपाची), सरूबाईनं तर आमचं नारळीपुनवेचं गाणंच धरलं आणि सगळ्यांनी उचललं.

हवालदार महिपत उठले. गाणं हळूहळू थांबलं. ते माझ्याकडं नाही, फादरकडं गेले. "फादर, ती बाई हे असंच म्हणते सिनेमात?"

फादरनी डब्याचं झाकण लावलं. "होय महोदय. शब्दशः."

पाद्री खोटं बोलला! दीडशे माणसांसमोर! हवालदारांनी टोपी घातली आणि म्हणाले, "बरं. पोट मात्र खरं वाटत होतं हो." आणि गेले.

सोमवारी मी वर्गात मान खाली घालून बसले. सरांनी हजेरी घेतली, गणित घेतलं, माझ्याकडं बघितलं नाही. घंटा झाली. सगळे गेल्यावर म्हणाले, "मंदा. शेडच्या मागं, माडाखाली, निम्मं ऐकू येत नव्हतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतेस."

"तुम्ही आला होतात?"

"बघायला नाही. मी काही बघितलं नाही. तू ऐकू आलीस, आणि ती." मग म्हणाले, "कर्नलला ती खरं काय म्हणते?"

खोटं बोलता आलं असतं. फादरनी वाट दाखवलीच होती. पण हे सर होते. मी खरं वाक्य सांगितलं, हुकूम आपला, गळा आपला. गुडघे टेकते तेही सांगितलं. रिळांचा घोटाळा सांगितला. आणि हेही सांगितलं, की तरी मला ती आवडते सर, काय करू, फार आवडते.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. "गाते मात्र जीव तोडून," ते म्हणाले. मग म्हणाले, "घोडबंदरला माझी आई असते. विठूला नेल्यापासून ती अंगणाच्या बाहेर पडलेली नाही. फादर तिकडं येतील का, यंत्र घेऊन?"

"येतील! मी आणते त्यांना! ह्या वेळी रिळं नीट लावायला सांगते, पहिलं, दुसरं..."

"नको," सर म्हणाले. "पहिलं, तिसरं, दुसरं. तसंच लावायला सांग. आणि शेवटी तुझं वाक्य."

मी हो म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या वर्गातल्या सुगंधाबाई खडू हातात घेऊन बाहेर आल्या, काय झालं म्हणून.