आणखी सोपं

माणूस अडखळला तर चूक पानाची, माणसाची नव्हे. वेबपानं बनवण्याच्या कामात पडल्यापासून सँड्रीनाने हा नियम मनाशी घट्ट धरला होता.

कुडाळच्या एका संस्थेने जिल्ह्यातल्या शाळांना जुने संगणक दुरुस्त करून वाटले होते. त्यांवर चालणारी सॉफ्टवेअर फुकट मिळत. भूमितीच्या आकृत्या काढणारं, शब्दकोश, नकाशे, पेटी शिकवणारं, काय हवं ते. पण ती संगणकावर चढवायची तर काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि शिक्षक त्या बघूनच खुर्ची मागे सरकवत. म्हणून संस्थेच्या निलेशने सँड्रीनाला काम दिलं. आंबोलीच्या शाळेतले गुरुजी एकटे बसून हवं ते शोधतील, एक बटण दाबतील आणि काम फत्ते होईल, असं पान त्याला हवं होतं.

सँड्रीना मालवणात आईवडिलांच्या घरी राहूनच काम करायची. तिची आई ईडा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली. वडील आल्बर्ट एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पानाचा पहिला कच्चा आराखडा तयार झाला तेव्हा सँड्रीनाने आईलाच संगणकापुढे बसवलं. शिक्षकांसाठीचं पान तपासायला हिच्याहून कडक मास्तरीण कुठे मिळणार?

ईडाने चष्मा लावला आणि जणू कुणाची उत्तरपत्रिकाच पुढ्यात आली.

"'स्थापित करा'? ह्या काय गो?"

"इन्स्टॉल, मम्मी."

"गावात कोण असा बोलता? लोक पंप बसवतत, पंखो बसवतत. 'बसवा' लिही."

"आणि ह्या खालचा?" सँड्रीनाने विचारलं.

"'अवलंबित पॅकेजेस'!" ईडा हसायलाच लागली. "मास्तर पळान जातले. सरळ लिही, 'यासोबत हेही लागेल'."

सँड्रीनाने दोन्ही बदल जागच्या जागी केले. ईडाने भूमितीचं सॉफ्टवेअर शोधलं, बटण दाबलं, पडद्यावर त्रिकोण काढला आणि चहा टाकायला निघून गेली.

पावसाळा सरला तेव्हा दुसरा आराखडा तयार झाला. या वेळी ईडाने 'भूमिती' असं टाइप केलं आणि ती थांबली. पडद्यावर उत्तर आलं होतं, तरी ती बघतच राहिली.

"काय झाला?"

"काय नाय. खूप गर्दी केलंस ह्या पानार."

खरंच असेल, सँड्रीनाला वाटलं. तिने बाजूचे रकाने उडवले, अक्षरं मोठी केली, बटण हिरवं केलं. पुढच्या खेपेला ईडाने 'बसवा' दाबलं, जरा वेळाने पुन्हा दाबलं, मग पुन्हा. सँड्रीनाने बटणाच्या जागी 'हे बसवून झालं आहे' असा शब्दांत निरोप आणला. त्यानंतर ईडाला मागच्या पानावर परतता येईना. मग सँड्रीनाने मागचं पानच काढून टाकलं आणि सगळं एका ठिकाणी आणलं. दर सॉफ्टवेअरला एक चित्र, एक ओळ, एक बटण.

निलेश खूश होता. "पिंगुळीच्या शाळेतल्या बाईंनी फोनसुद्धा न करता सगळं बसवलं. तुला हे सुचतं कसं?" त्याने विचारलं.

सँड्रीनाला त्या कौतुकाचा आनंद होत नव्हता. बाकी सगळ्यांना जमत होतं आणि आईला जमत नव्हतं. म्हणजे पान अजून पुरतं सोपं झालं नव्हतं. ती आणखी कापत राहिली. शेवटी तिने फक्त आईसाठी म्हणून एक पान बनवलं. त्यावर भूमितीच्या त्रिकोणाचं मोठं चित्र होतं आणि खाली एकच बटण. चुकायला दुसरी जागाच ठेवली नव्हती.

ईडा खुर्चीत ताठ बसली. तिने बटणावरचा शब्द नीट वाचला, "बसवा." मग मान वळवून लेकीकडे पाहिलं. चेहऱ्यावर सभ्य, अनोळखी माणसाशी बोलतानाचं हसू होतं.

"कोणाक बसवूचा?"

सँड्रीनाने आईच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं, "झाला, मम्मी," म्हणाली, आणि मागीलदारी गेली. आल्बर्ट माडाच्या सावलीत जुन्या पंपाचं काम काढून बसले होते.

"बटण आणखी वर घेतलंय तर जमात तिका," ती म्हणाली. "रंग पण बदलतंय."

आल्बर्टनी हातातला पाना खाली ठेवला. "सँड्री, त्या पानाक आता हात लावू नको. पान बरा आसा."

"मगे मम्मी अडता खंय?"

"अडता ती पानार नाय गो." ते फडक्याने हात पुसत राहिले, बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले. "मिसा आयकान इगर्जीतसून घराक येताना वाट चुकली. एकदा नाय, दोनदा. रांपणीचा जाळा वडणाऱ्या लोकांनी हाडून सोडली. माका सांगल्यान, चेडवाक सांगू नको."

"पप्पा! तुका ठावक होता? आणि माका इतके महिने..."

"तू पान सोपा करीत होतंस. माका वाटला, करूंदे. तेवढ्यापुरती तरी पानाचीच चूक रवांदे."

ती वडिलांवर ओरडली. इतक्या मोठ्याने, की शेजारची तुबा कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. आल्बर्टनी सगळं ऐकून घेतलं. मग तेच रडायला लागले, आणि तिला ओरडणं थांबवावं लागलं.

गोव्यातल्या डॉक्टरांनी ईडाला बरेच प्रश्न विचारले. शंभरातून सात वजा करत जा, म्हणाले. "त्र्याण्णव," ईडा तडफेने म्हणाली आणि थांबली. तिची बोटं साडीच्या काठावर चाळा करत राहिली. जिने उभ्या तालुक्याला वजाबाकी शिकवली, ती डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत होती, आणि सँड्रीना खिडकीबाहेर. डॉक्टर नंतर जे बोलले त्यात नवीन काही नव्हतं. हे थांबत नाही, थोडं लांबवता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

पानाचं उद्घाटन जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झालं. एका साहेबांनी मोठ्या पडद्यावर स्वतः बटण दाबून दाखवलं. "लहान मूलसुद्धा वापरू शकेल इतकं सोपं," ते म्हणाले आणि टाळ्या झाल्या. सँड्रीनाला बोलायला उभं केलं. "हे शब्द माझ्या आईचे आहेत," एवढंच ती म्हणू शकली. लोकांना तो विनय वाटला.

बसने ती घरी आली तेव्हा ईडा पडवीत बसली होती आणि त्या संध्याकाळी तिचं मन लख्ख होतं. असे दिवस अधूनमधून येत.

"झालो कार्यक्रम?"

"झालो."

"बस हंय." ईडाने जागा करून दिली. "तू दर खेपेक पान सोपा करीत होतंस. माका कळत होता."

सँड्रीनाने मान खाली घातली.

"एखाद्या पोराक गणित जमत नसला काय मी पण तसाच करी. आकडे ल्हान ल्हान करी. तेका वाटूक नको, आपण ढ आसंव म्हणान." तिने लेकीची हनुवटी वर केली. "पण बाय, आकडे ल्हान करून करून खंयपर्यंत करतलंस?"

"मम्मी, माका तुझ्यासाठीच..."

"माका म्हायत आसा. माझ्यासाठी आता नको. पोरांसाठी कर."

सँड्रीनाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ईडा तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. काही वेळाने तो हात थांबला आणि ईडाने हळूच विचारलं, ही कोणाची मुलगी, हिला घरी कोण सोडणार. आल्बर्ट आतून आले आणि त्यांनी ईडाला जेवायला नेलं.

पान अजून चालू आहे. शाळा वाढल्या, नवी सॉफ्टवेअर आली, त्यांची चित्रं आणि एकेक ओळ सँड्रीनाच लिहिते. ईडा आता वाचत नाही. एकटी राहिली की घाबरते, म्हणून सँड्रीना कामाला बसताना तिची खुर्ची शेजारी घेते. ईडा तिचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसते. सोडवायला गेलं तर आणखी घट्ट धरते. सँड्रीना उजव्या हाताने टाइप करते. काम हळू होतं.