खांद्यावरची लव

ताईची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि जन्मल्या जन्मल्या वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत गेली. ताई खाली, ऑपरेशनच्या टाक्यांनी आणि तापाने खाटेला खिळलेली. लेकीचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढून आणला, तर त्यात नुसतं लाल गाठोडं.

"एवढा फोटोग्राफर ना तू," ती धाकट्या भावाला म्हणाली, "मग भाचीचा एक धड फोटो काढून आण की!"

भाऊ लग्नांचे फोटो काढायचा. त्याची सगळी मर्दुमकी फ्लॅशच्या जिवावर, आणि वर तर उजेड बेताचा, फ्लॅशला सक्त मनाई. म्हणून आधी सराव करायला घरी येऊन त्याने भरदुपारी पडदे ओढले, कोपऱ्यातला छोटा दिवा लावला आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

"काय रे, मला भिंतीवर टांगायची घाई झाली का?"

"हलू नका हो बाबा."

बाबा रोज दवाखान्यात यायचे, ताईपाशी बसायचे, पण वर एकदाही गेले नव्हते. विषय निघाला की "जरा बाळसं धरू दे, मग बघू" म्हणत चष्मा पुसायला घ्यायचे. जीव लावायचा आणि मग काही झालं तर? ते बोलत नव्हते, पण भावाला कळत होतं.

आयएसओ वाढवला की कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं, पण फोटोभर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे येतात. ते पुसायची सोय कॅमेऱ्यातच होती. भावाने आयएसओ चढवत नेला आणि दर वेळी ती सोय बंद ठेवून, मग थोडी, मग पूर्ण चालू करून फोटो घेतले. पूर्ण ठेवली की दाणे जायचे खरे, पण बाबांच्या दाढीचे खुंटही जायचे.

बाबांनी डोकावून पाहिलं. "हे गुळगुळीत गृहस्थ कोण? आपली काही ओळख नाही!"

दुसऱ्या दिवशी सिस्टरने हात धुवायला लावून भावाला आत सोडलं. पेटीपाशी वाकून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. घरच्यापेक्षाही उजेड कमी. आयएसओ बारा हजार आठशेवर न्यावा लागला. पहिल्या फोटोत दाणेच दाणे. ताईला असला फोटो कसा दाखवायचा? त्याने दाण्यांची सफाई पूर्ण चालू केली. बाळ कॅलेंडरवरच्यासारखं झालं, लोण्याचं. मग त्याने काचेतून नीट पाहिलं. बाळाच्या खांद्यावर बारीक, भुरी लव होती. फोटोत ती पार पुसली गेली होती. त्याने सफाई बंद केली आणि श्वास रोखून पुन्हा फोटो घेतला.

खाली ताईने कॅमेरा हातात घेतला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"थोडे दाणे आलेत गं," भाऊ चाचरत म्हणाला.

"गप रे. अगं बाई, हिच्या खांद्यावर लव आहे!" ती हसता हसता रडायला लागली.

शेजारी बसलेले बाबा चष्मा सावरत पुढे झुकले. "तुलाही होती," ते हळूच म्हणाले. "पाठभर. तुझी आई म्हणायची, माकडीण झालीय आपल्याला."

"बाबा! हे कधी सांगितलं नाहीत?"

ते उठले आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडू लागले. "वर हात कुठे धुवायचे असतात रे?" त्यांनी मुलाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिन्याकडे निघाले.