अध्यक्षबाईंमार्फत

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे ईस्ट कोरविनमध्ये गावसभेचा दिवस. मर्ल टटलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. एरवी तो शर्ट फक्त अंत्यविधीला बाहेर पडायचा. समोरची अंडी गार होत होती आणि मर्ल त्यांच्याकडे बघतही नव्हता.

“विषय अकरा मंजूर झाला तर?”

“तर सभा बंद,” त्याची बायको ॲर्डिथ म्हणाली. ती बीन्सचं अवजड पातेलं टॉवेलात गुंडाळत होती. “मतपत्रिका घरी येईल. खूण करायची, पोस्टात टाकायची. मलाही पहाटे उठून सभेच्या जेवणाचं हे रांधत बसायला नको.”

“मला काय फरक पडतो म्हणा.”

“तुला कशाला पडेल? ऑरिनशी बोलायचं तेवढं राहील.”

“मी ऑरिनशी बोलत नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

ऑरिन हा मर्लचा धाकटा भाऊ. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एक चिखलाचा रस्ता. वडील गेले, रान वाटलं गेलं, आणि हद्दीवरची तीन मेपलची झाडं कुणाच्या वाट्याची यावरून दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. व्हरमाँटच्या डोंगरात एवढं कारण पिढ्यान् पिढ्या पुरतं.

वर्षातून एकदा मात्र ते बोलत. कारण गावसभेचा नियमच असा, की कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. जे काय असेल ते अध्यक्षांना उद्देशून, आणि समोरच्याचं नावसुद्धा न घेता. भांडणं लागू नयेत म्हणून पूर्वजांनी हे ठरवलं होतं. भांडण टिकवून ठेवायलाही हा नियम इतका सोयीचा पडेल, असं त्यांना वाटलं नसावं.

गेल्या वर्षीचंच बघा. बर्फाने निसरड्या होणाऱ्या चढावर वाळू टाकायचा विषय निघाला तेव्हा मर्ल उठून म्हणाला होता, “अध्यक्षबाई, डावीकडच्या सद्गृहस्थांना विचारा, त्यांच्या दारातलं बर्फ यंदा दुसऱ्याच कुणी का उपसलं? आळस, की आणखी काही?”

“सभेला सांगा,” ऑरिन उठून म्हणाला, “की हृदयात स्टेंट बसवलाय. फावडं बंद.”

“मग वाळू जास्त टाका,” मर्ल म्हणाला आणि खाली बसला. त्या रात्री तो जेवला नव्हता.

सभेच्या हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या घडी घालून भिंतीलाच टेकवून ठेवलेल्या होत्या. मर्ल लहान असताना त्याच भिंतीला टेकून माणसं उभी असत. शाळेला सुट्टी असे. बाया विणकाम घेऊन येत, पुरुष खोकत, आणि कुत्र्यांच्या परवान्यावरून दुपार व्हायची. जेवणाच्या दोन पंगती उठत. मग गोठे रिकामे झाले, लोक लांब शहरात नोकरीला जाऊ लागले, आणि चर्चमधलं सामुदायिक जेवण, शनिवारचा नाच, बँडस्टँडवरचं वाजवणं, सगळं एकेक करून गेलं. कुणी बंद केलं नाही. लोक फक्त घरी राहिले. आता उरली होती ती गावसभा, आणि तीही बंद करायची तर सभा भरवूनच करावी लागत होती.

अध्यक्षांच्या टेबलामागे बर्निस कॉफ्रिन बसली होती. ती वर्षानुवर्षं अध्यक्ष होती आणि त्यामुळे वर्षानुवर्षं तिला स्वतःचं मत नव्हतं. अध्यक्षाला ते नसायचं असतं. विषय अकरा तिने दुधाचे भाव वाचावेत तसा वाचला.

ठराव मांडला कॅसी लिंडक्विस्टने. ती गावात येऊन चारच वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या हिशेबाने ती अजून दारातच उभी होती.

“अध्यक्षबाई, मला सभा आवडते,” ती म्हणाली. “पण माझी शेजारीण नर्स आहे. तिला मंगळवारी सुट्टी मिळत नाही. तिच्या रस्त्याचं काय करायचं हे आपण ठरवतो, आणि आपण म्हणजे कोण? ज्यांना मंगळवारी दुसरं काम नाही ते. हे मला बरोबर वाटत नाही.”

बाई बरोबर बोलत होती, आणि गावाला त्याचाच जास्त राग येत होता.

मर्लने इथवर सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. सभा वाचवायची तर कुणीतरी चांगलं बोलायला हवं. गावात चांगलं बोलणारा एकच होता, ऑरिन. पण ऑरिन चिडल्याशिवाय बोलत नसे, आणि त्याला चिडवायचा खात्रीचा उपाय म्हणजे मर्लने आधी उलट बाजू घेणं. उपाय कधी वाया गेला नव्हता. मर्ल उठला.

“अध्यक्षबाई, ठराव योग्य आहे. घरी बसून मत देता येत असेल, तर इथे येऊन काही लोकांची तोंडं बघायची सक्ती कशाला?”

ॲर्डिथने त्याच्याकडे असं पाहिलं, की शेजारच्या बाईने विणकाम थांबवलं.

ऑरिन सावकाश उठला, गुडघ्यावर हात टेकत. मर्ल मनातल्या मनात खूश झाला.

“अध्यक्षबाई,” ऑरिन म्हणाला, “उजवीकडच्या सद्गृहस्थांशी मी सहमत आहे.”

सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

“पूर्ण सहमत,” ऑरिन म्हणाला आणि मर्लकडे बघत उभाच राहिला.

इतक्या वर्षांत मर्लने भावाचा चेहरा एवढा सरळ पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो कशाची तरी वाट बघत होता. मर्लला एकदम उमगलं, की तोही विरोधाची वाट बघतोय. मर्ल चिडेल, उसळून उभा राहील, सभा वाचवेल, अशी. दोघांनी एकच डाव टाकला होता आणि तो उलटवायला दुसरा कुणी उरला नव्हता.

“दोन्ही टटल एका बाजूला?” मागून वेंडेल स्प्रेगचा आवाज आला. “मग आता बोलण्यासारखं काय राहिलं?”

सगळ्या हॉलला तसंच वाटलं. माणसं बुचकळ्यात पडली की मोठ्यांचं ऐकतात. हात वर झाले. मर्ललाही हात वर करावा लागला, आताच तर एवढं बोलून बसला होता. पलीकडे ऑरिनचाही वर गेला, जड वस्तू उचलल्यासारखा.

“ठराव मंजूर,” बर्निस म्हणाली. मग तिने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसतच राहिली.

“विषय बारा घेण्याआधी,” ती काचेकडे बघत म्हणाली, “एक नियम सांगून ठेवते. बारा सुरू झाला की अकराला परत हात लावता येत नाही. तोवर फेरविचार मागता येतो. पण ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलंय, त्यालाच. विरोध केलेल्यांना नाही. मी आपला नियम सांगतेय.”

दुसरी काच पुसायला घेतली.

मर्लने उठायचं म्हणजे गावासमोर कबूल करायचं, की भावाशी बोलायला त्याला ही सभा लागते. न उठलं तर समोरच्या घरात दिवा लागला की नाही, एवढंच बघत उरलेली वर्षं काढायची. तो खुर्चीची कड धरून बसला.

पलीकडे खुर्ची करकरली.

“मी फेरविचार मागतो,” ऑरिन म्हणाला.

“अनुमोदन?” बर्निसने विचारलं. अनुमोदन कुणीही देऊ शकत होतं. ॲर्डिथचं तोंड उघडलं, आणखी दोघातिघांची उघडली. बर्निसला त्यातलं काही दिसलंच नाही. चष्मा तर तिच्या हातात होता. “अनुमोदन आहे का कुणाचं?” तिने पुन्हा विचारलं, मर्लच्या दिशेला.

ॲर्डिथचं कोपर बरगडीत बसलं.

“माझं,” मर्ल म्हणाला.

कॅसी उठली. “अध्यक्षबाई, कारण कळेल का? दोघंही आत्ता बाजूने बोलले.”

“सभेला सांगा,” ऑरिन म्हणाला, “की उजवीकडचे गृहस्थ विरोध करतील, अशी माझी रास्त अपेक्षा होती. ते आजवर कधी चुकले नव्हते.”

“मी कसा करणार? तू करणार होतास!” मर्ल उसळला.

“अध्यक्षांना उद्देशून, मर्ल,” बर्निस म्हणाली.

“यांना सांगा,” मर्ल बर्निसकडे वळून म्हणाला, “की माझीही तीच अपेक्षा होती. बाकी सगळं आयुष्य उलटं वागायचं आणि नेमकं आजच शहाण्यासारखं बोलायचं, हे कुणी शिकवलं, तेही विचारा.”

हॉल हसायला लागला. बर्निसने हातोडी आपटली नाही.

“म्हणजे सभा तुम्हा दोघांनाही हवी आहे?” कॅसीने विचारलं. हे मात्र तिने थेट विचारलं. नवीन होती.

ऑरिन छताकडे बघत राहिला.

“हवी आहे,” मर्ल शेवटी म्हणाला. “याच्या छातीत स्टेंट बसला, ते मला या हॉलमध्ये कळलं. पोस्टाच्या कागदावर कुठे खूण केली असती मी?”

कॅसीने ठरावाचा कागद पुन्हा उलगडला.

“तरी माझ्या नर्सचा प्रश्न राहतोच,” ती म्हणाली. “मग मी दुरुस्ती सुचवते. सभा राहू दे, पण शनिवारी भरवा. आणि पोरांना सांभाळायला शेजारच्या खोलीत कुणीतरी ठेवा.”

“शनिवारी मी मासे धरायला जातो,” वेंडेल म्हणाला.

“मार्चमध्ये?”

“बर्फाला भोक पाडून.”

“मग भोक रविवारी पाड,” कुणीतरी म्हणालं, आणि तिथून जे सुरू झालं ते बीन्स दोनदा गरम करावे लागले तरी संपेना. मंगळवार सोडणं म्हणजे पूर्वजांचा अपमान आहे का, यावर पाच जण बोलले. पोरं खोलीत असतील तर आवाज किती येईल, यावर सात. अकरावा विषय एवढा रंगला, की सभा बंद कशासाठी करायची होती हे विचारायचं सगळे विसरले. शेवटी शनिवार पास झाला, थोडक्या मतांनी. वेंडेलने विरोधी मत नोंदवून घेतलं.

बर्निसने जेवणाची सुट्टी दिली. ऑरिन ताट घेऊन टेबलाच्या एका टोकाला बसला. मर्लला दुसरीकडे जागा मिळाली असती, पण ॲर्डिथने त्याचं ताट तिथेच नेऊन ठेवलं, मध्ये एक खुर्ची सोडून. दोघं आपापल्या बीन्सकडे बघत खाऊ लागले. सुट्टीत नियम चालू नसतो, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

बर्निस ताट घेऊन आली आणि मधल्या खुर्चीत बसली.

“मी जेवतेय,” ती म्हणाली. “दोघांनाही सांगून ठेवते.”

“बरं,” मर्ल म्हणाला.

तिने पहिला घास घेतला.

“अध्यक्षबाई,” ऑरिन म्हणाला, “यांना सांगा, मीठ इकडे द्या म्हणून.”

बर्निसचं तोंड भरलेलं होतं. पण मर्लने तोवर मिठाची बाटली तिच्या ताटासमोरून पलीकडे सरकवली होती.